बी.ए. फर्स्ट इयर, मायक्रोचा वर्ग आणि संत्र्याची मंडी: माझ्या प्रकल्प नोंदी

८ जुलै

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. या सेमिस्टरला मायक्रोच्या, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्राच्या, वर्गात खेळ वापरून शिकवायचं आहे आणि काय जमलं काय नाही ते त्याच दिवशी लिहिलं नाही तर दिवाळीपर्यंत सगळं गोड वाटायला लागतं. वर्गाच्या यादीवर ६२ नावं आहेत, बसतात चाळीसच्या आसपास. निम्मी पोरं काटोल, कामठी, हिंगणा, उमरेडकडून येतात, बस चुकली की पहिला तास गेला. मागणी पुरवठ्याचा धडा मी नऊ वर्षं फळ्यावर दोन रेघा काढून शिकवतेय. मुलं त्या रेघा वहीत उतरवतात, पेपरात परत काढतात, आणि दोन्ही वेळा ती रेघ म्हणजे बाजारातली माणसं आहेत हे त्यांच्या मनातसुद्धा येत नाही. मला हे खूप लागतं, कारण यातली बरीच पोरं स्वतः बाजारातून आलेली आहेत.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक सिनियर सर म्हणाले मॅडम कॉलेजची पोरं आहेत, व्यापार खेळायला लावता का आता. मी म्हटलं सर, व्यापार ज्या घराण्यातला खेळ आहे त्याची सुरुवातच शिकवण्यासाठी झाली होती. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये द लँडलॉर्ड्स गेमचं पेटंट घेतलं, जमिनीचं भाडं कसं मालकाकडे साठत जातं आणि बाकीचे कंगाल होतात हे लोकांना पटावर दिसावं म्हणून. त्यातूनच पुढे १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आली. सर ऐकून घेऊन म्हणाले करून बघा, सिलॅबस मात्र संपला पाहिजे. तेही बरोबरच आहे.

१५ जुलै

पहिला प्रयत्न सोपा म्हणून मोबाइलवरच्या क्विझचा घेतला. प्रश्न स्क्रीनवर, उत्तर फोनवर, पटकन उत्तर दिलं की जास्त पॉइंट आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं झळकतात. पहिली दहा मिनिटं जबरदस्त आवाज, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग वायफाय गेलं, ज्यांच्याकडे डेटा होता ते चालू राहिले, बाकीचे शेजाऱ्याच्या फोनमध्ये बघत बसले. पण खरी अडचण वायफायची नव्हती. वरची पाच नावं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच होती आणि सातव्या प्रश्नाला मागच्या तीन बाकांनी फोन उलटे करून ठेवले होते. तिथे बसणारी एक मुलगी आहे, आईबरोबर गोकुळपेठ बाजारात भाजी विकते असं मागे एकदा बोलली होती, तिने तर फोन काढलाच नाही.

क्विझ वाईट नाही, उजळणीला चांगलंच आहे, आठवून लिहिल्याने धडा जास्त दिवस टिकतो. पण क्विझमध्ये मुलगा फक्त बरोबर की चूक एवढंच ठरवतो. मला असा खेळ हवा ज्यात त्याला स्वतः काहीतरी ठरवावं लागेल आणि ते ठरवल्याचं नफानुकसान त्याच्याच अंगावर येईल.

२२ जुलै

सापडला. नवीन नाहीच, जुनाच आहे. हार्वर्डचे एडवर्ड चेंबरलिन आपल्या वर्गात मुलांना कार्डं वाटून बाजार भरवायचे, त्यावर त्यांनी १९४८ मध्ये पेपर लिहिला. त्यांच्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी म्हणजे व्हर्नन स्मिथ, त्याने पुढे तोच खेळ थोडा बदलून खेळवला, १९६२ मध्ये निकाल छापले आणि याच कामाने सुरू झालेल्या प्रयोगांच्या अर्थशास्त्रासाठी त्याला २००२ चं नोबेल मिळालं. म्हणजे वर्गातला खेळ नोबेलपर्यंत गेला, हे मी मुलांना सांगणारच आहे.

आपल्याकडे माल संत्रा, दुसरं काय. घरात पडलेल्या लग्नपत्रिका कापून चाळीस कार्डं केली, मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड. वीस व्यापारी, वीस शेतकरी. व्यापाऱ्याच्या कार्डावर हिरव्या स्केचपेनने त्याला एक कॅरेट (संत्री भरायचं खोकं) जास्तीत जास्त किती रुपयांचं पडलं तरी चालेल तो आकडा, १००० पासून ४० ने उतरत २४० पर्यंत. शेतकऱ्याच्या कार्डावर लाल आकडा, त्याचा खर्च, २०० पासून ४० ने चढत ९६० पर्यंत. व्यापारी हिरव्या आकड्याच्या वर घेणार नाही, शेतकरी लाल आकड्याच्या खाली देणार नाही, कार्ड कोणाला दाखवायचं नाही. फरक जो उरेल तो ज्याचा त्याचा फायदा. पुस्तकाच्या हिशोबाने भाव ६०० ला यायला पाहिजे आणि सौदे अकराच, कारण सगळ्यात जास्त देणारा व्यापारी आणि सगळ्यात कमी खर्चाचा शेतकरी अशा क्रमाने जोड्या लावल्या तर बाराव्या जोडीला खर्च ६४० आणि घेणाऱ्याची तयारी ५६० अशी उलटी गत होते. हे अर्थात मुलांना सांगितलेलं नाही, उत्तर माझ्या पर्समधल्या पाकिटात.

२४ जुलै

आज पहिली फेरी, चेंबरलिनच्या पद्धतीने. वर्गात मोकळं फिरायचं, कोणाशीही हळू आवाजात घासाघीस करायची, सौदा झाला की माझ्याकडे येऊन लिहून जायचं. भाव फळ्यावर लिहिला नाही. दहा मिनिटं दिली. मला शांत बसून बघताच येईना इतका गलका, "चाल बे साडेपाचशे," "नाही जमत ना भाऊ, खर्च निघून नाही राहिला," आणि जे कधी तोंड उघडत नाहीत तेही बोलत होते. भाजीवाली मुलगी एका जागी उभी राहिली, कोणाकडे गेलीच नाही, आलेल्या तिघांना नाही म्हणाली आणि चौथ्याला पटकन दिलं. नंतर विचारलं तर म्हणाली मॅडम पहिल्या गिऱ्हाइकाला हो म्हटलं की तो दिवस गेला.

चौदा सौदे झाले. कमीत कमी भाव ३८० आणि जास्तीत जास्त ७६०, एकाच वर्गात एकाच दहा मिनिटांत. मुलं खुश की जास्त माल विकला गेला. मग मी सगळ्यांचे फायदे फळ्यावर लिहून बेरीज करायला लावली, ती आली ३,७६०. मी म्हटलं अकराच सौदे केले असते तर ४,४०० होऊ शकतात, कसे ते शोधा. दहा मिनिटं कोणाला कळेना. शेवटी पुढच्या बाकावरच्या एकाने पकडलं की ज्याचा खर्च ७२० आहे त्याने विकायलाच नको होतं, त्याचा संत्रा घेणारा ९२० वाला व्यापारी दुसऱ्याकडून स्वस्तात घेऊ शकला असता, त्याला फक्त माहीत नव्हतं दुसरीकडे भाव काय चाललाय. हे "माहीत नव्हतं" मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

चूक एकच झाली. गलक्यात तास संपला आणि बोलायला पंधराच मिनिटं उरली. पुढच्या वेळी खेळ वीस मिनिटं आणि चर्चा तीस, उलटं नाही. चर्चा नसेल तर तो नुसता धिंगाणा आहे, मुलं मजा करून घरी जातील आणि रेघा परत रेघाच राहतील.

३१ जुलै

दुसरी फेरी स्मिथच्या पद्धतीने. तीच कार्डं, फक्त हळू बोलायचं नाही, हात वर करून सगळ्यांसमोर बोली लावायची, मागणाऱ्याने पण आणि देणाऱ्याने पण, आणि सौदा झाला की भाव लगेच फळ्यावर. फळ्यावर लिहायचं काम भाजीवाल्या मुलीला दिलं, तिचा आवाज सगळ्यात मोठा निघाला. एकामागून एक आकडे असे: ५४०, ६८०, ५७०, ६३०, ५९०, ६१०, आणि मग ६००, ६००, ६१०, ६००, ६००. अकरा सौदे. कोणी कोणाचं कार्ड बघितलं नाही, ६०० हा आकडा कोणाला सांगितला नव्हता. मी पर्समधलं पाकीट काढून सगळ्यांसमोर फोडलं, आत लिहिलं होतं भाव ६००, सौदे अकरा. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग टाळ्या. त्यानंतर त्या दोन रेघा काढल्या आणि प्रत्येकाला फळ्याजवळ बोलावून स्वतःच्या कार्डाचा ठिपका रेघेवर लावायला सांगितला. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी रेघेकडे बोट दाखवून "हा मी" म्हणालं.

मार्क द्यायचे का असं दोन मुलींनी विचारलं, खेळाचे इंटरनलला पाच मार्क वगैरे. मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता, ज्या मुलांना चित्र काढायच्या बदल्यात सर्टिफिकेट कबूल केलं होतं ती नंतर मोकळ्या वेळेत बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढत होती. आमच्या पोरांना बाजार आवडायला लागलाय, त्यावर मार्कांचं लेबल मला लावायचं नाही. हजेरी मात्र आज ४४ होती.

१४ ऑगस्ट

टॅक्सची फेरी. मी सरकार. प्रत्येक विकलेल्या कॅरेटमागे शेतकऱ्याने मला ८० रुपये द्यायचे. खेळायच्या आधी चिठ्ठीवर अंदाज घेतला की टॅक्सचा भार कोणावर पडेल, ४० पैकी ३१ जणांनी लिहिलं शेतकऱ्यावर, कारण तोच देतोय ना. आधी अंदाज लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे असं आता पक्कं वाटतंय, लिहिलेलं चुकलं की मुलगा मान वर करून बघतो.

भाव ६४० च्या आसपास स्थिरावला, सौदे दहा. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात ५६०, आधीपेक्षा ४० कमी, आणि व्यापाऱ्याच्या खिशातून ४० जास्त. अर्धा अर्धा. मग लगेच दुसरी फेरी, आता टॅक्स व्यापाऱ्याने द्यायचा. शेतकरी बाकांवर जल्लोष, आता आपण सुटलो. भाव आला ५६०. व्यापाऱ्याला पडलं ५६० अधिक ८०, म्हणजे ६४०. शेतकऱ्याला ५६०. रुपयाचाही फरक नाही.

काटोलचा एक मुलगा आहे, पॅसेंजरने येतो, बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. तो फळ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग अडतीचं काय जी?" बाकीच्यांना कळलं नाही म्हणून मी सांगितलं. २०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने फळं भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत, म्हणजे मंडीत माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा हा मुलगा चौथी पाचवीत असेल. त्याच्या घरी पेढे वाटले होते म्हणे. "तर मग आमच्या बाबाले काय फरक पडला?"

मला उत्तर माहीत होतं आणि तरी मी लगेच दिलं नाही. तुझ्यासाठी वेगळी फेरी बनवते, थोडा वेळ दे असं म्हटलं. घरी येऊन रात्री अकरापर्यंत कार्डांवरच बसले.

५ सप्टेंबर

पोळा, तान्हा पोळा, मारबत, वर्ग अर्धा रिकामा. चाळीस नसतील तर बाजार भरत नाही म्हणून छोटा खेळ घेतला, तलावाचा. चारचा गट, तलावात ४० मासे, प्रत्येकाने गुपचूप किती पकडायचे ते चिठ्ठीवर, उरलेले मासे दुप्पट होतात पण ४० च्या वर जात नाहीत. पाच गटांपैकी चार गटांचा तलाव दुसऱ्याच फेरीत कोरडा. मग बोलायला परवानगी दिली, फक्त बोलायला, मी नियम किंवा दंड काहीच दिला नाही, आणि पाचही तलाव शेवटपर्यंत टिकले, सगळे पाच पाचवर थांबले. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये लिहिलं की सामायिक गोष्टीची लोक वाट लावतातच, आणि एलिनॉर ऑस्ट्रॉमने आयुष्यभर गावोगावचे पाणी, जंगल, मासेमारी बघून दाखवलं की तसं होतंच असं नाही, लोक आपसात बोलून नियम करतात आणि पाळतात, त्याबद्दल २००९ चं नोबेल. त्याच २००९ मध्ये आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. गडचिरोलीकडची एक मुलगी आहे वर्गात, तिने उभं राहून सांगितलं, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." एवढंच बोलून बसली. मी पुढे काही जोडलं नाही.

१८ सप्टेंबर

एचओडी (विभागप्रमुख) सरांनी वर्गात येऊन बघितलं. सिलॅबसचा प्रश्न परत आला, आणि खरंच मी एक युनिट मागे आहे. त्यांना २०१४ चा फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दाखवला, विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित अशा वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून काढलेला, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के आणि मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२. ते म्हणाले आपला विषय वेगळा आहे. आहेच, अर्थशास्त्राचा वर्ग त्यात नाही. पण त्यांनी दोन तास जास्तीचे दिले, शनिवारचे. उत्पादन खर्चाचं युनिट सरळ लेक्चरने उरकतेय, प्रत्येक धड्याला खेळ जोडायचा हट्ट नाही. सरासरी खर्च आणि सीमांत खर्च (एक नग जास्त काढायला लागणारा खर्च) फळ्यावर गणित करूनच चांगला कळतो असं माझं मत झालंय.

९ ऑक्टोबर

काटोलच्या मुलाची फेरी. मध्ये दोन आठवडे तो आलाच नव्हता, बाबांबरोबर बगीच्यात होता. आला त्या दिवशीच घेतली.

आज शेतकरी फक्त अकरा. लाल आकडे काढून टाकले. माल तोडून झालाय, कॅरेट भरून मंडीत आलंय, संध्याकाळपर्यंत विकलं नाही तर शून्य, परत घेऊन जाता येत नाही. व्यापारी तेच वीस, उरलेले निरीक्षक. पहिल्यांदा अडत नाही. भाव ५८० वर येऊन बसला. मग अडत, कॅरेटमागे ८०, व्यापाऱ्याने द्यायची, शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा नाही. अंदाज लिहून घेतले, यावेळी बहुतेकांनी अर्धा अर्धा लिहिलं कारण मागचं आठवत होतं.

भाव ५००.

भाजीवाली मुलगी खडू हातात धरून थांबली, तिने खाली परत बेरीज केली. व्यापाऱ्याला ५०० अधिक ८०, ५८०, जेवढं आधी पडत होतं तेवढंच. सगळेच्या सगळे ८० शेतकऱ्याच्या भावातून गेले, आणि पावतीवर अडत व्यापाऱ्याने भरली असं लिहिलेलं. तो मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे ज्याले थांबता येत नाही त्याच्यावरच येते." लवचिकता (भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती हलतो) हा शब्द मी त्यानंतर लिहिला, फळ्यावर त्याच्या वाक्याच्या खाली. सिलॅबसमध्ये तो शब्द आधी येतो आणि उदाहरण नंतर, मी आता कायम उलटंच करणार आहे.

मग दोन गोष्टी मला सांगाव्याच लागल्या, नाहीतर त्याच्या मनात चुकीचं बसलं असतं. एक, हे तोडलेल्या मालाचं गणित आहे. चार पाच वर्षांचा विचार केला तर शेतकरी झाडं काढून दुसरं काही लावू शकतो, तेव्हा पुरवठा हलतो आणि भार परत वाटला जातो. दुसरं, पावती कोणाच्या नावाची याने अगदीच फरक पडत नाही असं नाही, पट्टीतून (अडत्याने शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशोबातून) भलत्या कपाती व्हायच्या थांबल्या तर तो खरा फायदाच आहे. त्याने मान हलवली आणि म्हणाला मॅडम पण इथे वीस व्यापारी होते, आमच्या बगीच्यात दोन तीनच येते आणि ते एकाच गाडीतून येते. वर्ग हसला, तो हसला नाही. मीपण नाही.

१९ ऑक्टोबर

शनिवारचा जास्तीचा तास. तीनच व्यापारी असलेली फेरी घेतली, तिघांना आधी बाहेर व्हरांड्यात पाच मिनिटं बोलायला पाठवलं. भाव ३०० वर आला आणि तिथून हललाच नाही. मक्तेदारी आणि अल्पजनाधिकार (बाजार मोजक्याच लोकांच्या हातात असणं) पुढच्या सेमिस्टरला आहे, पण पाया आजच बसला.

इंटरनलचे पेपर तपासून झालेत. टॅक्सच्या भाराचा प्रश्न ३८ जणांनी सोडवला, त्यातल्या २७ जणांनी आकृतीखाली स्वतःच्या शब्दात लिहिलं की भार का सरकतो. मागच्या वर्षीचे पेपर काढून बघितले, तिथे आकृती सगळ्यांच्या वहीतल्यासारखी आणि खाली वाक्य नाही. गडचिरोलीच्या मुलीने टॅक्सच्या उत्तरात तलाव आणला, त्याचा संबंध नव्हता, मार्क कापावे लागले, वाईट वाटलं. तिच्याशी सोमवारी बोलेन.

काटोलच्या मुलाने ९ तारखेच्या फळ्याचा फोटो बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. त्यांचं उत्तर त्याने आज मला दाखवलं, व्हॉइस मेसेज होता, मागे बगीच्यात कॅरेट आपटल्याचा आवाज. "मॅडमले सांग, हे तं आम्हाले माहीत आहे. माल थांबवाचा कसा ते पण शिकवा म्हणा."

पुढच्या फेरीत शीतगृहाचं कार्ड टाकायचं आहे, ज्याच्याकडे असेल त्याला पुढच्या दिवशी विकता येईल पण भाडं भरावं लागेल. भाडं किती धरायचं ते त्याच्या बाबांनाच फोन करून विचारते.